गणवेश उतरतो, ताण उतरत नाही

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर प्रचंड स्फोट झाले आणि आग विझविण्यास गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मरण आपण आदराने करतो. परंतु जे जवान सुखरूप घरी परततात, त्यांच्या घरात त्या रात्री काय घडते, याचा विचार सहसा होत नाही. अग्निशमन दल, पोलीस, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, रुग्णालयाचा अपघात विभाग अशा ठिकाणी सेवा करणाऱ्या सर्वच बंधुभगिनींच्या संसारात एक नाजूक प्रश्न उभा राहतो. कामावर जे पाहिले व सोसले, ते जोडीदाराला सांगावे का? आणि सांगावे तर कसे?

‘घरच्यांना उगाच घोर कशाला?’ असे म्हणून अनेकजण मौन पत्करतात. त्यामागे प्रेमच असते. परंतु ताण मौनाने लपत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक निकोल रॉबर्ट्स व रॉबर्ट लेव्हन्सन यांनी २००१ साली १९ पोलीस दांपत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही दांपत्ये ३० दिवस ताणाची रोजनिशी लिहीत होती आणि दर आठवड्याला प्रयोगशाळेत येऊन एकमेकांशी संवाद साधत होती. शारीरिक थकव्यापेक्षा कामाचा मानसिक ताण पतिपत्नीच्या संवादाला अधिक बाधक ठरतो, असे त्यात आढळले. पती काही बोलला नाही, तरी त्याचा आवाज, चेहरा आणि तुटक उत्तरे बोलतातच. कारण ठाऊक नसल्यामुळे पत्नी मात्र स्वतःलाच विचारीत राहते, ‘माझे काही चुकले का?’ खरे नुकसान येथून सुरू होते.

यामागचे शरीरशास्त्र समजून घेणे उपयुक्त आहे. स्वतः पोलीस सेवेत काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केव्हिन गिलमार्टिन यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ते सांगितले आहे. धोक्याच्या कामात शरीर सतत सावध असते. काम संपले की तेच शरीर तितक्याच वेगाने खाली येते आणि माणूस घरी अलिप्त, निरुत्साही व चिडचिडा दिसतो. हा प्रेमाचा अभाव नसून शरीराची प्रतिक्रिया आहे, हे दोघांनाही ठाऊक असले तर अर्धे गैरसमज टळतात.

मग बोलावे कसे? पहिली गोष्ट वेळेची. उंबरठ्यावर पाऊल टाकताच प्रश्नांची सरबत्ती नको. हातपाय धुऊन, चहा घेऊन थोडी उसंत मिळू द्यावी. मात्र ती उसंत शब्दांनी मागावी. ‘आजचा दिवस फार जड गेला. तुझ्यावर राग नाही. मला अर्धा तास दे, मग बोलू,’ एवढे वाक्यही घराला धीर देते. अर्थात, दिलेला शब्द पाळून नंतर बोलले पाहिजे.

दुसरी गोष्ट, सर्व तपशील सांगण्याची आवश्यकता नाही. मृतदेहाचे वर्णन जोडीदाराच्याही डोळ्यांपुढून हलत नाही. शिवाय पीडितांची खाजगी माहिती व तपासातील बाबी घरी सांगणे योग्य नाही. सांगायचे ते आपल्या मनाविषयी. ‘आज एका लहान मुलाला वाचवता आले नाही. आपला बाळ सारखा आठवत होता,’ यात कोणाचे गुपित उघड होत नाही, पण मनाचे ओझे हलके होते.

तिसरी गोष्ट ऐकणाऱ्याची. ‘सोडून द्या ती नोकरी’, ‘विसरा आता’ असे उपाय सुचविण्याची घाई करू नये. २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी वैवाहिक संवादाविषयी हेच आवर्जून सांगितले आहे. जोडीदाराचे बोलणे पूर्ण होईपर्यंत धीराने ऐकावे. त्याला बहुधा उपाय नको असतो, कोणीतरी आपले दुःख जाणले एवढेच हवे असते. ऐकणाऱ्याचाही दिवस असतो, हे मात्र बोलणाऱ्याने विसरू नये. दिवसभर मुले, वृद्ध सासूसासरे आणि वाट पाहण्याची चिंता सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही कोणीतरी ‘तुझे कसे चालले आहे?’ असे विचारायला हवे.

काही ओझी मात्र दोघांना मिळूनही पेलत नाहीत. तीच दृश्ये आठवडेच्या आठवडे स्वप्नात येणे, झोप उडणे, मद्याचा आधार लागणे, जीव नकोसा वाटणे, ही लक्षणे दिसताच मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. मदत मागणे हा भ्याडपणा नव्हे. आगीत शिरणारा जवानही सोबत्याला घेऊनच शिरतो.

सुखात आणि दुःखात साथ देण्याचे वचन आपण वेदीसमोर दिले. आपले दुःख जोडीदाराला कळूच दिले नाही, तर ते वचन पाळण्याची संधी त्याला कशी मिळणार?