यादी नेमकी कशाने सरकते?

खडवलीत दहावी झालेल्या मुलांच्या घरी निकालानंतर एकच प्रश्न असतो : अकरावीला प्रवेश कल्याणला मिळेल, की ठाण्याला, मुंबईला जावं लागेल? बिर्ला कॉलेज कसारा लोकलने जवळ पडतं. ठाण्याचं बांदोडकर, मुलुंडचं वझे-केळकर, माटुंग्याचं रुईया ही नावं मोठी, पण खडवलीहून दादर गाठायलाच सव्वा-दीड तास जातो. त्यामुळे इथल्या मुलाचा पसंतीक्रम गुणपत्रिकेइतकाच लोकलचं वेळापत्रकही ठरवतं. पण यादीत नाव लागणं किंवा लटकणं फक्त या दोन्हींवर अवलंबून नसतं. मागच्या सतरा-अठरा वर्षांकडे पाहिलं तर ते कळतं.

2009 पूर्वी प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा, रांग वेगळी. पहिली, दुसरी, तिसरी यादी फलकावर लागायची आणि पालक गर्दीत बोट फिरवत नाव शोधायचे. तीन कॉलेजांत नाव लागलेला हुशार मुलगा तिन्ही जागा काही दिवस अडवून ठेवायचा. तो एकीकडे पैसे भरेपर्यंत प्रतीक्षा यादीतल्या मुलांना थांबावं लागे. खडवलीहून रोज फलक बघायला जाणं म्हणजे वडिलांची रजा आणि तिकिटाचा खर्च.

त्याच सुमारास मंडळामंडळांत भांडण पेटलं. आयसीएसईच्या मुलांना गुण जास्त मिळतात, राज्य मंडळाची मुलं मागे पडतात, अशी तक्रार होती. 2008 मध्ये सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, 2009 मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी 90 टक्के जागांचा कोटा. दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. 2010 मध्ये सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरायचं ‘बेस्ट फाइव्ह’ आलं. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवलं. तोवर मुलांचा जीव टांगणीला.

2009 मध्येच मुंबई महानगर क्षेत्रात ऑनलाइन प्रवेश सुरू झाले. शाळेतून माहितीपुस्तिका, त्यात लॉगिन आणि पासवर्ड. भाग एकमध्ये मुलाची माहिती, निकालानंतर भाग दोनमध्ये कॉलेजांची पसंती. एका मुलाला एका फेरीत एकच जागा मिळू लागल्याने अडवणूक संपली. फलकाची जागा सायबर कॅफेच्या पडद्याने घेतली. ऑनलाइन पद्धतीचा फायदा दूरच्या गावांनाही झाला.

तरी सगळ्या जागा या यादीत येत नाहीत. त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी इनहाउस कोटा, व्यवस्थापनाचा कोटा, अल्पसंख्याक संस्थांत अल्पसंख्याक कोटा. शेवटचा तर निम्म्या जागांचा. खडवलीच्या मराठी शाळेतल्या मुलाला यांतलं बहुधा काहीच लागू होत नाही, तो उरलेल्या जागांसाठी लढतो. मात्र कोट्यात रिकाम्या राहिलेल्या जागा कॉलेजने परत केल्या की त्या पुढच्या फेरीत येतात. त्यात न भरलेल्या प्रवेशांची भर पडते : कुणी डिप्लोमाला गेलेला, कुणी आयटीआयला. यादी सरकते ती अशी. कॉलेजात जाऊन विनवण्या केल्याने ती सरकत नाही.

कट-ऑफची चढउतारही मुलाच्या हाती नसते. 2019 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले, तेव्हा राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल 95.30 वर गेला. 2021 मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही. निकाल 99.95 टक्के लागला. अकरावीसाठी सीईटी घ्यायचं ठरलं, पण ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. 88 टक्के मिळवणारा मुलगा या प्रत्येक वर्षी वेगळ्या जागी उभा राहिला असता. दरम्यान 2020 मध्ये मराठा आरक्षणाला स्थगिती मिळाल्याने प्रवेशप्रक्रियाच थांबली होती.

2025 मध्ये ऑनलाइन पद्धत राज्यभर लागू झाली. 21 मे रोजी, पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं आणि नोंदणी पुढे ढकलावी लागली. जास्तीत जास्त दहा पसंती देता येतात आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही, तर नियमित फेऱ्यांतून बाहेर.

म्हणून यंदाच्या मुलांना आणि पालकांना सांगणं एवढंच : गेल्या वर्षीच्या फक्त पहिल्या फेरीचा कट-ऑफ पाहू नका, सगळ्या फेऱ्यांचे पाहा. शेजारच्या मुलाने लिहिलं म्हणून रुईया पहिल्या क्रमांकावर टाकू नका. रोज जायची तयारी असेल तरच टाका. आणि दहा रकान्यांत दोन-तीन कॉलेजं तरी अशी ठेवा, जिथे गेल्या वर्षीचा कट-ऑफ तुमच्या गुणांपेक्षा खाली होता.