एसीच्या किमतीपलीकडचा खर्च

दुकानातल्या पाटीवरची किंमत म्हणजे स्प्लिट एसीचा पूर्ण खर्च नव्हे. ‘मोफत फिटिंग’मध्येही बाहेरच्या युनिटचा स्टँड, जादा पाइप आणि भिंतीला पाडायचं भोक यांचे पैसे बहुधा वेगळेच लागतात.

खरी मेख तांब्याच्या पाइपात आहे. एसीसोबत साधारण 3 मीटर पाइप मिळतो. बाहेरचं युनिट गच्चीवर न्यायचं आणि पाइप 8 मीटर लागला, तर 5 मीटर विकत घ्यावा लागतो. मीटरला 800 रुपये धरले तरी 4,000 झाले! युनिट बाल्कनीतच बसलं, तर हे पैसे वाचतात. जुन्या इमारतीत वेगळी वायर आणि एमसीबी लागू शकतो. तिथे काटकसर नकोच.

22 सप्टेंबर 2025पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, हा मोठाच दिलासा.

खरेदीनंतर येतो वीजबिलाचा खर्च. स्टार लेबलवरचे विजेचे वार्षिक युनिट 1,600 तासांच्या वापराचे असतात. दोन मॉडेलांत 200 युनिटांचा फरक असेल, तर 10 रुपये दराने वर्षाला 2,000 रुपये वाचतात.

फिटिंगच्या वेळी गॅस सोडण्याआधी मेकॅनिकने पंप लावून पाइपातली हवा काढलीच पाहिजे. पैसे देण्यापूर्वी त्याला जागा दाखवा आणि अंदाजपत्रक लेखी घ्या.