कडुनिंब, चांदी आणि ‘हिरवी’ हे विशेषण

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, आणि आजचा विषय वनस्पतींच्या अर्कातून धातूंचे नॅनोकण बनवण्याचा. याला ‘हरित संश्लेषण’ म्हणतात. मला त्यातल्या ‘हरित’ या शब्दात रस आहे. पण आधी कृती समजून घेऊ.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. एक सेंटीमीटर बाजूचा चांदीचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटीमीटर. तोच ठोकळा कापून 10 नॅनोमीटरचे तुकडे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग 600 चौरस मीटर होतो. चांदी तेवढीच, पण आजूबाजूच्या पाण्याशी, जिवाणूंशी भिडणारा भाग दहा लाख पटींनी वाढला. सगळी गंमत इथे आहे.

आता कृती. कडुनिंबाची पानं धुऊन, चिरून, पाण्यात थोडा वेळ उकळायची आणि गाळून घ्यायची. आपल्या आज्या काढा करायच्या तसंच. दुसरीकडे सिल्व्हर नायट्रेटचं अगदी पातळ द्रावण, लिटरला साधारण 0.17 ग्रॅम. दोन्ही एकत्र केलं की रंग हळूहळू पिवळा, मग तपकिरी होतो. चांदीचा पिवळा रंग बघून माणूस चक्रावतो, पण इतक्या बारीक कणांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलतात आणि निळ्याजांभळ्या बाजूचा प्रकाश गिळतात. उरतो तो पिवळा. सोन्याचे कण लाल दिसतात. फॅरडेने 1857 साली अशा लाल सोन्याचा अभ्यास केला होता.

पानं करतात काय? द्रावणातल्या चांदीच्या आयनाला एक इलेक्ट्रॉन कमी असतो. पानांतली पॉलिफिनॉल्स, काही शर्करा तो देऊन टाकतात. याला क्षपण म्हणतात. मग चांदीचे अणू एकत्र येऊ लागतात. ते वाढतच गेले तर तळाशी नुसता गाळ बसेल. पण पानांतलीच काही द्रव्यं कणांना चिकटतात आणि वाढ थांबवतात.

हे काम आपल्या पुण्यातही झालंय, बरं का. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली कडुनिंबाच्या काढ्यातून सोन्याचे आणि चांदीचे कण काही तासांत बनवल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी त्यांनी गवती चहाच्या काढ्यातून सोन्याचे सपाट त्रिकोणी कण मिळवले. गवती चहा घालून सोन्याचे त्रिकोण! मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

त्यानंतर तुळस, कोरफड, हळद, आंब्याची पानं... झाड दिसलं की निबंध, अशी अवस्था आली. आणि प्रत्येक निबंधात एक वाक्य: ही पद्धत हिरवी, म्हणून कण सुरक्षित.

या ‘म्हणून’पाशी मी थांबतो.

न्यायदर्शनात घटाची कारणं सांगतात. माती हे समवायी कारण, कुंभार हे निमित्त कारण. कुंभार सज्जन आहे म्हणून मडकं गळणार नाही, असं आपण म्हणत नाही. ‘हिरवी’ हे विशेषण कृतीचं आहे. ते वस्तूला परस्पर चिकटवता येत नाही. कण चांदीचाच आहे. तो रोगजंतू मारतो आणि नदीतल्या उपयोगी जिवाणूंनाही सोडत नाही.

पण हा दृष्टान्त पूर्ण लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. कुंभार मडक्यात राहत नाही. पानांचा अंश मात्र कणावर आवरण म्हणून राहतो. म्हणजे कडुनिंब नुसतं निमित्त नाही. त्यामुळे वेगळ्याच अडचणी येतात. जूनमधलं पान आणि जानेवारीतलं पान सारखं नसतं, कोकणातलं आणि मराठवाड्यातलंही नसतं. पान बदललं की कणाचा आकार, आवरण, वागणूक बदलू शकते. औषध म्हणून द्यायचं तर प्रत्येक घाण्यात तोच कण हवा. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

तुलनाही न्यायाने करावी. ‘रासायनिक’ पद्धतींत हायड्राझिनसारखी विषारी द्रव्यं वापरतात, हे खरं. पण 1951 साली टर्केविच यांनी रुळवलेल्या पद्धतीत सोन्यासाठी सायट्रेट वापरतात, म्हणजे लिंबातल्या आम्लाचं मीठ! तिला हिरवी म्हणायचं की नाही? आणि काढ्यातलं सिल्व्हर नायट्रेट काही झाडाला लागत नाही. ते खाणीतून आणि नायट्रिक आम्लातून येतं.

उपयोग आहेत. चहाच्या काढ्याने बनवलेले लोखंडाचे कण पाण्यातले रंग फोडतात, आणि मला हा मार्ग चांदीपेक्षा आशेचा वाटतो, कारण लोखंड स्वस्त आणि मातीला ओळखीचं. जखमेवरच्या चांदीयुक्त पट्ट्या रुग्णालयांत वापरल्या जातात. कर्करोगाबद्दल मात्र जपून. काचेच्या बशीतल्या पेशी ब्लीचिंग पावडरनेही मरतात.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: ‘घरी असं चांदीचं पाणी करून प्यावं का?’ नाही. सिल्व्हर नायट्रेट कातडी आणि डोळे भाजतं. आणि चांदी दीर्घकाळ पोटात जात राहिली तर कातडी निळसर-राखाडी पडते. त्याला आर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग सहसा आयुष्यभर जात नाही. पाण्यात कडुनिंब उकळला होता की नाही, याने त्यात फरक पडत नाही.