अक्षराआधी ध्वनी

पहिलीच्या वर्गातील एखाद्या मुलाला बाराखडी तोंडपाठ असते. परंतु ‘पाणी’ या शब्दाच्या आरंभी कोणता ध्वनी आहे, असे विचारताच ते गोंधळते. अशा मुलास मठ्ठ ठरविण्याची घाई पुष्कळदा होते. वास्तविक, बोलण्यातील ध्वनी सुटे करून ऐकण्याची सवय त्याला अद्याप लागलेली नसते.

बोलताना ध्वनी एकमेकांत मिसळतात आणि मुलाचे लक्ष अर्थाकडे असते. त्यामुळे ही जाण पायरीपायरीने येते. ‘बाहुली’ या शब्दासाठी बा-हु-ली अशा तीन टाळ्या मूल लवकर वाजवू लागते. ‘पा’मध्ये ‘प्’ आणि ‘आ’ असे दोन ध्वनी आहेत, हे मात्र त्याला बऱ्याच उशिरा उमगते.

इझाबेल लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला याविषयीचा प्रयोग १९७४ साली प्रसिद्ध झाला. शब्दात जितके भाग, तितके ठोके मुलांनी मेजावर द्यावयाचे होते. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना शब्दावयव मोजता आले. सुटे ध्वनी एकालाही मोजता आले नाहीत. पहिलीच्या अखेरीस मात्र सुमारे ७० टक्के मुलांना ध्वनीही मोजता आले. हा फरक केवळ वयाने पडतो काय? पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना शब्दातील एखादा ध्वनी वगळणे अवघड जाते, प्रौढपणी साक्षर झालेल्यांना ते जमते, असे १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणजेच ही जाण मुख्यतः वाचन शिकताना घडते.

देवनागरीत व्यंजन व स्वर मिळून एकच अक्षर होते. त्यामुळे सुटा ध्वनी झाकला जातो. अशाच अक्षरप्रधान लिपीत शिकणाऱ्या कन्नड मुलांमध्येही ही जाण सावकाश येत असल्याचे २००७ च्या एका अभ्यासात दिसले. का, की, कू, के हा क्रम नुसता घोकल्यास केवळ ताल लक्षात राहतो. ‘क्’ तोच राहून स्वर बदलतो, हे शिक्षकांनी दाखवून दिल्यास तीच बाराखडी ध्वनींची ओळख करून देते.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्याची पूर्वतयारी अंगणवाडीतच होऊ शकते. टाळ्यांचे खेळ, भेंड्या, ‘पाट’चा ‘ताट’ आणि ‘ताट’चा ‘खाट’ करण्याची गंमत, यांस खर्च लागत नाही. वारंवार चुकणाऱ्या मुलाचे कान तपासून घ्यावेत. ग्रामपंचायत सदस्यांनी शाळेस भेट देताना मुलाला किती पाठ आहे, एवढेच न विचारता त्याला काय ऐकू येते, याचीही चौकशी करावी.