ग्रंथनिर्मिती आणि लोकशिक्षण : पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सम्यक आजीविका

पालि, बौद्ध अध्ययन, इतिहास किंवा मराठी या विषयांत पदव्युत्तर पदवी घेतलेल्या तरुणांपुढे बहुधा एकच मार्ग ठेवला जातो : नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे, पीएच.डी. करावी आणि प्राध्यापकपदाच्या जाहिरातीची वाट पाहावी. जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. त्यामुळे अनेकांची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावरील मानधनात सरतात. ज्या घरात विद्यापीठापर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी आहे, त्या घराला ही प्रतीक्षा परवडत नाही. म्हणून विद्येवर आधारलेले अन्य व्यवसाय कोणते, आणि ते टिकावेत यासाठी समाजाचे कर्तव्य काय, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

ग्रंथामागील श्रम

आपल्या चळवळीचा इतिहास हा छापील कागदाचाही इतिहास आहे. 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही नावे सर्वांस मुखोद्गत आहेत. लाहोरच्या परिषदेत होऊ न शकलेले भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली स्वखर्चाने छापले. त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

तथापि लेखकाच्या हातून निघालेला मजकूर वाचकापर्यंत निर्दोष पोहोचविणारे दुसरे हात आपण क्वचितच आठवतो. 'दि बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यातील वचनांचे मूळ पालि संदर्भ शोधून काढण्याचे कष्ट भदंत आनंद कौसल्यायन यांनी घेतले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्या कार्याची धुरा वसंत मून यांनी दीर्घकाळ वाहिली. याच मालेत १९९८ साली बाबासाहेबांचे पालि व्याकरण व शब्दकोश प्रकाशात आले. पुढे या ग्रंथांचे प्रकाशन रखडल्याची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ साली स्वतःहून दखल घ्यावी लागली. ग्रंथ केवळ आदराने छापले जात नाहीत; त्यासाठी प्रशिक्षित माणसे आणि अखंड व्यवस्था लागते, हाच याचा अर्थ होय.

कौशल्ये कोणती ?

मुद्रितशोधन, संपादन, अनुवाद, सूचीकरण आणि अभिलेखांचे जतन ही या क्षेत्रातील मुख्य कामे होत. ती यांत्रिक आहेत हा समज चुकीचा आहे. एकच उदाहरण पाहू. पालितील 'विञ्ञाण' म्हणजे जाणीव. अक्षरजुळणी करणाऱ्याने ते 'विज्ञान' केले, तर मराठी वाचक त्याचा अर्थ पदार्थविज्ञानासारखे शास्त्र असा घेईल आणि पंचस्कंधांचे सारे विवेचन कोलमडेल. अशी चूक पालि जाणणाऱ्या शोधकाच्याच नजरेस पडते. ग्रंथाची विषयसूची करणाऱ्यासही 'धर्म' आणि 'धम्म' यांच्या नोंदी कोठे वेगळ्या ठेवाव्यात हे ठाऊक असावे लागते.

वाईचे मराठी विश्वकोश कार्यालय, बालभारती, साहित्य अकादमी, नॅशनल बुक ट्रस्ट, वृत्तपत्रे आणि खासगी प्रकाशने येथे अशा कामांस वाव असतो. कायम पदे थोडी असून पुष्कळसे काम पृष्ठागणिक मोबदल्यावर मिळते, हे विद्यार्थ्यांनी आधीच जाणून घ्यावे. म्हणून एम.ए. करीत असतानाच प्रमाण मराठी लेखन, मुद्रितशोधनाच्या खुणा, संगणकावरील युनिकोड अक्षरजुळणी आणि किमान दोन भाषांतील अनुवाद यांचा सराव करावा.

लेणी समजावून सांगणारे

दुसरे क्षेत्र लोकशिक्षणाचे आहे. संग्रहालये, ग्रंथालये आणि बौद्ध लेणी ही त्याची स्थाने. नाशिकच्या लेण्यांना त्यांच्याच शिलालेखांत 'तिरण्हु' पर्वतावरील लेणी म्हटले आहे. तरीही लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. ब्राह्मी लिपी व प्राकृत जाणणारा मार्गदर्शक तेथे उभा असेल, तर कष्टकऱ्यांचा हा इतिहास सामान्य प्रेक्षकास कळेल. अन्यथा भिंतीवरील अक्षरे मुकीच राहतील.

अक्षयनीवीची आवश्यकता

आपल्याकडे अशा कामांस 'सेवा' म्हणण्याची प्रथा आहे. स्मरणिकेचे मुद्रितशोधन, व्याख्यानाचे शब्दांकन, ग्रंथाचा अनुवाद हे सर्व तरुणांकडून विनामूल्य करून घेतले जाते. सेवेचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ज्याला घर चालवायचे आहे, तो किती दिवस विनामूल्य श्रमेल ? परिणामी ज्याच्या घरी सुबत्ता आहे तोच या क्षेत्रात टिकतो, आणि आपला इतिहास पुन्हा इतरांच्या हाती जातो.

याचे उत्तरही नाशिकच्या लेण्यातच कोरलेले आहे. नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. त्यांतील २००० वर दरमहा शेकडा एक व्याज होते. वर्षाकाठी मिळणाऱ्या २४० कार्षापणांतून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. मूळ रकमेस हात लावावयाचा नाही, हीच अक्षयनीवी.

सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. आपल्या विहारांनी व संस्थांनी जयंतीच्या खर्चातील काही भाग बाजूला काढून अशी ठेव निर्माण करावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी निदान एका संपादकास, अनुवादकास किंवा लेणी-अभ्यासकास योग्य वेतन द्यावे. विद्यार्थ्यांनी कौशल्य मिळवावे आणि समाजाने त्याचे मोल द्यावे. या दोन्ही गोष्टी घडल्या तरच हा मार्ग खुला होईल, असे आमचे नम्र मत आहे.