सदस्य-पोर्टलाची घडण : स्थायी पाहणी आणि तिची भाषा

१

सामाजिक पाहणीचे स्थूलमानाने दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात निवडलेल्या माणसांना एकदाच प्रश्न विचारले जातात आणि उत्तरे नोंदली की त्यांचा व पाहणीचा संबंध संपतो. दुसऱ्या प्रकारात तीच माणसे कधी महिन्यामहिन्याने, तर कधी वर्षावर्षाने पुन्हा प्रश्नांना सामोरी जातात. अशा स्थायी उत्तरदात्यांच्या समूहाला 'पॅनेल' ही संज्ञा रूढ झाली आहे. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ईरी परगण्यात १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझर्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मे ते नोव्हेंबर या काळात ६०० मतदारांच्या एका गटाची दरमहा मुलाखत घेतली. मतदाराचे मत केव्हा व कशामुळे बदलते, हा त्यांचा प्रश्न होता. वेगवेगळ्या माणसांना विचारून त्याचे उत्तर मिळण्यासारखे नव्हते. त्यासाठी तोच माणूस पुन्हा भेटणे आवश्यक होते. भारतातही २००४-०५ मध्ये झालेल्या 'भारतीय मानव विकास सर्वेक्षणा'ने ४१,५५४ कुटुंबांची माहिती घेतली आणि २०११-१२ मध्ये त्यांपैकी ८३ टक्के कुटुंबांची पुन्हा भेट घेतली.

या दोन्ही उदाहरणांत उत्तरदात्याच्या दारी मुलाखतकार जात असे. गेल्या काही दशकांत त्याची जागा अनेक ठिकाणी इंटरनेटवरील सदस्य-पोर्टलाने घेतली आहे. पोर्टलाचा विचार बहुधा यंत्रव्यवस्थेच्या अंगाने होतो. तथापि मुलाखतकार जी कामे बोलून करीत असे, ती सर्व पोर्टलाला लिहून करावी लागतात. स्वतःची ओळख देणे, समोरच्याची ओळख पटवणे, संमती मागणे, प्रश्न विचारणे, थांबणे, मौन ओळखणे, मोबदला देणे, निरोप घेणे ही ती कामे होत. पोर्टलाचे घटक म्हणजे या कामांचीच वाटणी होय. त्यामुळे पोर्टलाची रचना हा जितका तंत्राचा, तितकाच भाषेचाही प्रश्न ठरतो.

२

या घडणीचे अभ्यासनीय उदाहरण नेदरलँड्समध्ये सापडते. तिल्बर्ग येथे २००७ साली सुरू झालेले 'लिस' पॅनेल हे सामाजिक शास्त्रांच्या दीर्घकालीन अभ्यासासाठी उभारलेले, सुमारे ५,००० कुटुंबांचे पॅनेल आहे. वाटेल त्याने नाव नोंदवावे, अशी मुभा येथे नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने लोकसंख्या-नोंदवहीतून काढलेल्या यादृच्छिक नमुन्यातील कुटुंबांनाच आमंत्रण दिले गेले. कारण उघड आहे. आपण होऊन येणारी माणसे वेगळ्या स्वभावाची असतात आणि त्यांच्यावरून समाजाविषयी अनुमान काढणे धोक्याचे असते.

आमंत्रणाचे पहिले साधन कागदी पत्र हेच होते. कोणत्या प्रकारच्या पत्राने अधिक लोक राजी होतात, याचा आधी प्रयोग करण्यात आला. पुढे मोबदला देऊ असे नुसते आश्वासन देण्यापेक्षा पत्रासोबत दहा युरोची नोट पाठवणे अधिक परिणामकारक ठरले. ज्या घरी संगणक वा इंटरनेट नव्हते, तेथे तेही पुरवण्यात आले. हा खर्च औदार्यापोटी केलेला नव्हता. साधनांअभावी वृद्ध आणि निर्धन माणसे वगळली गेली असती, तर यादृच्छिक निवडीचा हेतूच विफल झाला असता.

मात्र एक उंबरठा तसाच राहिला. प्रश्नावली डच भाषेत असल्याने घरातील किमान एका व्यक्तीला ती भाषा पुरेशी अवगत असणे आवश्यक होते. संगणक नसलेल्या घरी संगणक नेता आला. भाषा नसलेल्या घरी भाषा नेता आली नाही. भारतासारख्या बहुभाषिक देशाच्या दृष्टीने या उदाहरणातील हा सर्वांत महत्त्वाचा धडा होय.

३

पोर्टलाचा पहिला घटक प्रवेशाचा. दर वेळी येणारी व्यक्ती तीच आहे, ही खात्री पटल्याखेरीज पॅनेलला अर्थ उरत नाही. 'लिस'मध्ये घरातील सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येक सदस्य आपापली उत्तरे स्वतंत्रपणे देतो. परंतु सांकेतिक शब्द जाणणारी व्यक्ती ती सदस्यच असेल, असे यंत्राला सांगता येत नाही. आजीचा सांकेतिक शब्द नातवाला ठाऊक असतो आणि आजीच्या प्रकृतीविषयीची उत्तरे नातवाच्या तर्काने भरली जातात. म्हणून प्रवेशाच्या पानावर ही प्रश्नावली कोणासाठी आहे, हे नावानिशी व आदराने लिहिणे, आणि जन्मवर्षासारखी एखादी गोष्ट अधूनमधून ताडून पाहणे इष्ट ठरते.

याच्या उलट बाजूस गुप्ततेची अट असते. पाहणीच्या व्यवस्थापकाला सदस्य ओळखता आला पाहिजे. अभ्यासकाला मात्र तो ओळखता येता कामा नये. यासाठी दोन वह्या ठेवाव्या लागतात. एकीत नाव, पत्ता व बँकखाते. दुसरीत केवळ उत्तरे. दोहोंना जोडणारा क्रमांक मोजक्याच व्यक्तींच्या हाती राहतो. 'लिस'ची सामग्री अभ्यासकांना दिली जाते, तेव्हा तिच्यात सदस्याचा क्रमांकही सांकेतिक रूपातच असतो. हा विभाग सदस्याला सहसा दिसत नाही. म्हणूनच तो सोप्या शब्दांत समजावून देणे हे पोर्टलाचे कर्तव्य ठरते.

४

दुसरा घटक संमतीचा. भारतात २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने येथे एक महत्त्वाचे तत्त्व मांडले आहे. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत अथवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय व्यक्तीला असला पाहिजे. या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. संशोधन व सांख्यिकी यांसाठी अधिनियमात अटींसह सूट ठेवलेली आहे. तरीही न कळणाऱ्या भाषेत घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे त्यामागील तत्त्व पाहणीलाही तितकेच लागू पडते.

या अधिनियमाच्या इंग्रजी संहितेत व्यक्तीसाठी, ती स्त्री असो वा पुरुष, सर्वत्र स्त्रीलिंगी सर्वनाम योजले आहे. मराठीत हा प्रश्न सर्वनामाशी थांबत नाही. तो क्रियापदापर्यंत पोचतो. 'मी संमती देतो' असे वाक्य सहीच्या जागी छापले, की निम्म्या सदस्यांना ते परके वाटते. 'देतो/देते' अशी तिरकी रेघ मारल्यास वाक्य सरकारी अर्जासारखे दिसू लागते. 'माझी संमती आहे' या वाक्यात ही अडचणच उद्भवत नाही. 'तुम्ही गेल्या आठवड्यात कामावर गेला होतात का?' या प्रश्नात लिंग उघड होते. 'तुम्ही गेल्या आठवड्यात काम केले का?' यात कर्ता तृतीयेत असल्याने क्रियापद कर्माच्या मागे जाते व लिंगाचा प्रश्न मिटतो. मराठी व्याकरणात वाट उपलब्ध आहे. इंग्रजी वाक्याचा शब्दशः अनुवाद करणाऱ्याला ती दिसत नाही, इतकेच.

५

तिसरा घटक प्रश्नांच्या पानांचा. पॅनेलमध्ये प्रश्नाचे शब्द वर्षानुवर्षे तेच ठेवण्याचा दंडक असतो. 'लिस'मध्ये आरोग्य, कुटुंब, काम व शिक्षण, राजकारण व मूल्ये, आर्थिक स्थिती इत्यादी विषयांवरील गाभ्याचे प्रश्न दर वर्षी पुन्हा विचारले जातात. शब्द बदलले, तर उत्तरातील फरक माणूस बदलल्यामुळे पडला की प्रश्न बदलल्यामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षीचा अनुवाद हाच पुढील सर्व वर्षांचा अनुवाद ठरतो आणि त्यातील सैल शब्दाचे ओझे दीर्घकाळ वाहावे लागते.

'परवा' हा शब्द पाहावा. मराठीत तो कालच्या आदल्या दिवसाला लागतो, तसाच उद्यानंतरच्या दिवसालाही. संभाषणात क्रियापदाने घोटाळा टळतो. पर्यायांच्या यादीत एकटा 'परवा' दिला तर टळत नाही. म्हणून काळ दर्शवताना तारखा द्याव्यात.

मुलाखतकाराला उत्तरदात्याचे मौन दिसत असे. विचारात पडलेला, कंटाळलेला आणि दुखावलेला माणूस त्याला वेगवेगळा ओळखू येई. पोर्टलाला रिकामा चौकोन तेवढा दिसतो. म्हणून 'माहीत नाही', 'सांगायचे नाही' आणि 'हा प्रश्न लागू नाही' हे तीन पर्याय निरनिराळे ठेवावे लागतात. अर्धवट सोडलेली प्रश्नावली सोडल्या जागेपासून पुन्हा सुरू करता येणे, हेही थांबण्याला दिलेले यांत्रिक रूपच होय.

६

चौथा घटक घरातील माणसांच्या नोंदीचा. जन्म, मृत्यू, विवाह, स्थलांतर यांनी घर बदलत राहते आणि स्थायी पाहणीला त्या बदलामागे जावे लागते. मिशिगन विद्यापीठाने १९६८ साली सुरू केलेल्या, उत्पन्नाच्या गतिमानतेविषयीच्या अभ्यासात मूळ कुटुंबातून बाहेर पडून स्वतंत्र राहणाऱ्या मुलांनाही पुढे पाहणीत सामील करून घेण्यात आले.

या ठिकाणी मराठीची आणखी एक परीक्षा होते. 'कुटुंब' या शब्दाला मराठीत नात्याचा अर्थ प्रबळ आहे. जुन्या वापरात तर 'माझे कुटुंब' म्हणजे माझी पत्नी. मुंबईत राहणारा थोरला मुलगा गावाकडील आईच्या दृष्टीने कुटुंबातच असतो. सांख्यिकीला अभिप्रेत असलेला अर्थ वेगळा आहे. भारतीय जनगणनेत एकत्र राहणाऱ्या व सामान्यतः सामाईक स्वयंपाकघरातील अन्न घेणाऱ्या व्यक्तींचे मिळून एक कुटुंब धरले जाते. हा अर्थ मराठी बोलीत आधीपासून आहे. 'त्यांनी वेगळी चूल मांडली' हे वाक्य कोणाही मराठी माणसाला कळते. तेव्हा 'तुमच्या कुटुंबात किती सदस्य आहेत?' याऐवजी 'तुमच्या घरी एका चुलीवर किती माणसे जेवतात?' असे विचारणे अधिक नेमके ठरेल. घराघरांत गॅस आला, तरी या प्रयोगातील चूल विझलेली नाही.

७

पाचवा घटक मोबदल्याचा. 'लिस'मध्ये तासाला १५ युरो या प्रमाणात मानधन दिले जाते. किती उत्तरांचे किती जमा झाले, हे सदस्याला त्याच्या पानावर दिसले पाहिजे. हिशेब लपलेला असेल, तर गुप्ततेविषयीच्या वचनावरही विश्वास बसत नाही. पैशाखेरीज आणखी एक देणे असते. उत्तरांतून काय निष्पन्न झाले, हे उत्तरदात्याला त्याच्या भाषेत कळवणे. ज्याची माहिती घेतली त्याच्याकडे ज्ञान परत जाणे, ही साधी परतफेड आहे.

शेवटचा घटक बाहेर पडण्याचा. उपरोक्त अधिनियमानुसार संमती जितक्या सहजपणे दिली, तितक्याच सहजपणे ती मागे घेता आली पाहिजे. पाहणीचे व्यवस्थापक सदस्य गळण्याला भितात आणि हे दार आडबाजूला ठेवण्याचा मोह त्यांना होतो. परंतु बाहेरचे दार दिसत असेल, तरच आत राहणे स्वेच्छेचे ठरते.

८

भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्यांचा १३ भारतीय भाषांत अनुवाद झाला होता. तेथे अनुवादातील उणीव मुलाखतकार स्थानिक बोलीत भरून काढू शकत असे. वऱ्हाडी, मालवणी वा अहिराणी बोलणाऱ्या घरी तो प्रमाण मराठीतील छापील प्रश्न वाचून दाखवी आणि गरज पडल्यास त्यांच्या बोलीत उलगडून सांगे. या उलगड्याचे दोष अभ्यासकांना ठाऊक आहेत. प्रत्येक मुलाखतकाराने निराळा अर्थ सांगितला, तर उत्तरांची तुलना होऊ शकत नाही. पण त्याच्या सोयीने कित्येक घरांना पाहणीत जागा मिळत असे, हेही तितकेच खरे.

पोर्टलामधून हा मध्यस्थ जातो, तेव्हा त्याचे दोष जातात, तशीच त्याची सोयही जाते. जी वाचू शकत नाही तिच्यासाठी प्रश्न ऐकवण्याची व्यवस्था, बोलीत चाचणी घेऊन निश्चित केलेली वाक्ये आणि अडल्यास बोलता येईल असा साहाय्यक हे भारतीय पॅनेलचे मूलभूत घटकच मानावे लागतील. नाहीतर भाषेमुळे बाहेर राहिलेली माणसे आकडेवारीत 'उत्तर दिले नाही' या सदरात जमा होतील. वस्तुतः त्यांना प्रश्न विचारलाच गेलेला नसेल. भाषांच्या अभ्यासकांनी या घडणीत सहभागी व्हावे, असे म्हणण्याला याहून मोठे कारण लागत नाही.