प्रभारी मुख्याध्यापकाचा फोन

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात गणित मांडून ठेवले आहे. पहिली ते पाचवीचा पट साठपर्यंत असेल तर शिक्षक दोन. स्वतंत्र मुख्याध्यापक हवा तर पट दीडशेच्या वर हवा. गडचिरोलीतल्या एटापल्ली, भामरागड, कोरची, धानोरा तालुक्यांत किंवा चंद्रपूरच्या जिवती पहाडावर, टोल्या-गुड्यांवरच्या कितीतरी शाळा या आकड्याच्या आसपासही जात नाहीत. मग दोघांपैकी एक जण ‘चार्ज’ घेतो. दोन-तीन वर्ग एकत्र शिकवायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावायची आणि वरून मागितलेली माहिती आजच्या आज भरायची. शालेय नेतृत्व म्हणतात ते इथे या प्रभारी माणसाच्या वाट्याला येते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात तंत्रज्ञान आणायचे, तर सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी.

त्याच्या हातात फोन आहे, पण त्या फोनचे काय झाले ते पाहा. शालार्थ प्रणाली आधीपासून होतीच. २०१५ मध्ये सरल आली, मग यू-डायस प्लस आणि २०२३ च्या अखेरीस स्विफ्टचॅट ॲपवरची विद्यार्थ्यांची हजेरी. प्रत्येकाचे कारण समजण्यासारखे आहे. तरी एकत्र पाहिले की दिसते ते असे: माहिती शाळेकडून वर जाते, आणि वरून शिकवण्याच्या कामाचे फारसे काही खाली येत नाही. भामरागडचा रस्ता पर्लकोटा नदीच्या पुराने वर्षानुवर्षे तुटत आला आहे. रेंजसाठी टेकडी गाठावी लागते अशी गावे अजून आहेत. मोबाइल न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी केंद्राने २०२२ मध्ये फोर-जीची योजना मंजूर केली, यावरून देशभरातल्या अशा गावांचा अंदाज येतो. हजेरी पाठवायला टेकडी चढणाऱ्या शिक्षकाला त्याच चढणीच्या बदल्यात उद्याच्या धड्यासाठी काही मिळते का, हा माझा प्रश्न आहे.

मिळू शकते. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडखाली सहा अक्षरांचा संकेत छापलेला असतो. कॅमेरा धड नसला तरी तो टाइप करून २०१७ पासूनच्या ‘दीक्षा’ मंचावरचे साहित्य उघडता येते, एकदा उतरवून घेतले की नेट नसताना चालते. बैठकीसाठी तालुक्याला गेलेला शिक्षक महिन्याभराचे साहित्य घेऊन परतू शकतो. २०२० मध्ये शाळा बंद असताना आकाशवाणी नागपूरवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकवली गेली. रेडिओला रेंज लागत नाही, हे आपण फार लवकर विसरलो.

दूरवरून शिक्षक घडवण्याचा प्रयोग त्याहून कितीतरी जुना आहे. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी पोहोचली. त्यांत आजच्या छत्तीसगडातला रायपूर भागही होता. सुमारे ४८ हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले. पडद्याच्या जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष कृती होत्या. २०१५ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्‌स यांच्यासोबत ‘क्लिक्स’ हा उपक्रम चार राज्यांतल्या सरकारी माध्यमिक शाळांत चालवला. त्यांतली छत्तीसगड आणि तेलंगणा गडचिरोलीला अगदी खेटून आहेत. तिथे शिक्षकांना संगणकाबरोबर सहकाऱ्यांचे गटही मिळाले. दोन्हींचा धडा मला एकच दिसतो: यंत्राशेजारी बोलायला माणूस लागतो.

आपल्याकडे तो माणूस कागदोपत्री आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने शाळांच्या समूहासाठी, म्हणजे ‘केंद्रा’साठी, केंद्रप्रमुख नेमले आणि त्या केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद सुरू झाली. पुढे अनेक पदे रिक्त राहिली आणि परिषदेचा वेळ सूचना वाचण्यात जाऊ लागला. तिथेच फोनचा खरा उपयोग आहे. शिक्षकाने आपल्या वर्गातली चार मिनिटे ध्वनिमुद्रित करून आणावीत आणि सगळ्यांनी मिळून ऐकावीत. प्रश्न विचारल्यावर तो किती थांबला? अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवले की शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरे लांबतात आणि गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. पहिलीतल्या माडिया बोलणाऱ्या मुलीने चित्र पाहून आपल्या भाषेत काहीतरी म्हटले आणि शिक्षकाने ते न ऐकताच मराठी वाक्य पुढे रेटले, हे त्या मुद्रणात नेमके पकडले जाते. यासाठी नेट लागत नाही, नवे ॲपही लागत नाही. विश्वासाने एकत्र बसणारे आठ-दहा जण मात्र लागतात.

भाषेचा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवीन. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख नोंदले गेले. केंद्र सरकारच्या ‘आदि वाणी’ या भाषांतर मंचात गोंडी आहे. त्याची चाचणी आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली. आनंदाची गोष्ट आहे, पण गोंडीतही भामरागडची माडिया आणि कोरचीकडची बोली एक नाही, सिरोंचात तेलुगू आहे, मुलचेऱ्यात बंगाली. यंत्राने दिलेले वाक्य वर्गात जाण्याआधी गावातल्या आजीने ऐकायला हवे.

गडचिरोलीतल्या असरअल्लीचे खुर्शीद शेख यांना २०२१ मध्ये आणि जाजावंडीच्या डिजिटल शाळेचे मंतय्या बेडके यांना २०२४ मध्ये राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. गुणवत्ता या जंगलात आहेच. तिची रीत शेजारच्या केंद्रापर्यंत पोहोचवणे हे गडचिरोली आणि चंद्रपूरच्या ‘डाएट’चे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे, काम आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांनाही वर्षाला पन्नास तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. त्यातले निम्मे तास तरी या परिषदांना द्यावेत. परिषदेच्या दिवशी कोणतीही ऑनलाइन माहिती मागू नये, असा आदेश दोन्ही जिल्हा परिषदांनी काढावा.

आणि वाचकांनो, लोकसहभागातून एखाद्या शाळेला स्मार्ट टीव्ही देण्याचा विचार असेल, तर आधी त्या प्रभारी मुख्याध्यापकांना विचारा. वीज टिकते का, दुरुस्तीला कोण येईल, मुले कोणती भाषा बोलतात? तेच पैसे गावातल्या गोष्टी माडियात मुद्रित करून घ्यायला दिलेत, तर ते अधिक कामी येतील.